बी आपलं तेल कसं राखते

नवी क्रिकेटची बॅट घरात आली की तिला आधी जवसाचं तेल पाजतात. पातळ हात फिरवायचा, बॅट आडवी ठेवून तेल सुकू द्यायचं, मग दुसरा हात. हे सुकणं पाण्याच्या सुकण्यापेक्षा अगदी वेगळं आहे. पाणी उडून जातं, तेल मात्र जागेवरच राहतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडावर चिवट पापुद्रा धरतो. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं तैलचित्रं काढली ती याच गुणाच्या जोरावर. रंगकाम करणारे लोक याच्याच भीतीपोटी तेलात भिजलेली फडकी एका ढिगात ठेवत नाहीत. ऑक्सिजनशी होणाऱ्या या संयोगातून उष्णता निघते, ढिगात ती कोंडून राहते आणि फडकी काडी न लावता पेट घेतात.

आता तिळाचं तेल पाहा. आंध्र प्रदेशातलं आवकाय, म्हणजे कैरीचं झणझणीत लोणचं, परंपरेने तिळाच्या तेलात मुरवतात आणि ते वर्षभर खातात. बरणीतलं तेल ना चिकट होतं, ना त्याला सहजी खवट वास येतो. दोन्ही तेलं बियांतूनच निघालेली. मग एक सुकून कातडं होतं आणि दुसरं वर्षभर द्रव राहतं, हे कसं?

उत्तराचा पहिला भाग मेदाम्लांत आहे. तेलाच्या रेणूतल्या कार्बनच्या साखळीत जिथे दुहेरी बंध असतो, तिथे ऑक्सिजनला शिरायला वाट मिळते. ऑलिक आम्लात असा एक बंध असतो, लिनोलेइकमध्ये दोन आणि लिनोलेनिकमध्ये तीन. एकाचे दोन बंध झाले की ऑक्सिडीकरणाचा वेग दहा-बारा पटींनी वाढतो, तीन झाले की वीस-पंचवीस पटींनी. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक लिनोलेनिक असतं, तिळाच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. इथवर हिशेब जुळतो. पण तिळाच्या तेलात दोन बंधांचं लिनोलेइक चाळीस टक्क्यांहून जास्त असतं, शेंगदाण्याच्या नेहमीच्या तेलात ते तिसाच्या आसपास. नुसती मेदाम्लं मोजली तर तिळाचं तेल शेंगदाण्याच्या आधी खवटायला हवं. प्रत्यक्षात भाजलेल्या तिळाचं तेल टिकण्यात खाद्यतेलांमध्ये अव्वल मानलं जातं. उत्तराचा दुसरा भाग तेलात विरघळलेल्या, जेमतेम टक्काभर भरणाऱ्या इतर द्रव्यांत आहे. तीच बीची नैसर्गिक अँटिऑक्सिडंट.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा शब्द इतका विकला गेला आहे की त्याचा अर्थ झिजून गेलाय. शँपूपासून चहाच्या पुडीपर्यंत तो छापलेला असतो आणि त्याखाली 'तारुण्य', 'प्रतिकारशक्ती' असलं काहीतरी. म्हणून तो नीट समजून घेणं मला गरजेचं वाटतं.

तेल खवटतं ते एका साखळी-अभिक्रियेने. प्रकाश, उष्णता किंवा तांब्या-लोखंडाचा अंश यांच्यामुळे मेदाम्लाच्या एका रेणूतला हायड्रोजनचा अणू निसटतो. उरलेल्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहतो. हाच फ्री रॅडिकल. तो ऑक्सिजनला चिकटतो, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो आणि आता तो शेजारी फ्री रॅडिकल होतो. असं पुढे पुढे चालत राहतं. सुरुवात एका रेणूने होते आणि बिघाड हजारोंचा होतो. अँटिऑक्सिडंट या साखळीच्या मधोमध उभा राहतो. स्वतःचा हायड्रोजन तो सहज देऊन टाकतो आणि त्यानंतर त्याचाही फ्री रॅडिकल बनतो खरा, पण त्याच्या कड्यासारख्या रचनेमुळे तो इतका शांत असतो की पुढच्या कुणाचा हायड्रोजन ओढत नाही. उसाच्या फडाला आग लागली की शेतकरी पुढच्या सऱ्या तोडून मोकळा पट्टा करतात आणि आग तिथे येऊन थांबते, तसं हे काम. पट्ट्यातला ऊस मात्र जातो. अँटिऑक्सिडंटही असाच खर्ची पडतो, म्हणून बंद डब्यातलं तेलसुद्धा कधी ना कधी खवटतंच.

बीला हा खटाटोप का करावा लागतो? तेल म्हणजे अंकुराची शिदोरी. मुळं जमिनीत जाईपर्यंत आणि पानं हिरवी होईपर्यंत रोपाने जगायचं ते याच साठ्यावर. पण बी लगेच रुजेल याची खात्री नसते. कधी पाऊस लांबतो, कधी ती वर्षभर कणगीत पडून राहते. तेवढ्या काळात शिदोरी खवटली तर अंकुर मेला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपट्याचे असे वाण अभ्यासले ज्यांना टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, बनवताच येत नव्हतं. त्यांचं बी साठवणीत फार लवकर निर्जीव झालं आणि जे रुजलं त्याच्या कोवळ्या रोपांत खराब झालेल्या मेदाचा पसारा आढळला. ई जीवनसत्त्व वनस्पतीने स्वतःसाठी बनवलं, आपण ते आयतं घेतो.

आपल्याला ते सापडलं त्याची हकिगत अशी. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांना डुकराची चरबी असलेला ठरावीक आहार देत होते. माद्यांना दिवस जायचे, पण पिल्लं पोटातच मरायची. आहारात लेट्यूसची पानं किंवा गव्हाचा अंकुर घातला की सगळं सुरळीत. पुढे १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते द्रव्य वेगळं केलं गेलं. त्याचे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे प्रकार आहेत. आपलं यकृत त्यांतला अल्फा निवडून रक्तात पाठवतं, बाकीचे मोडीत काढतं. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात हा अल्फा भरपूर असतो. शंभर ग्रॅम सूर्यफुलाच्या बियांत ३५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची दिवसाची गरज १५ मिलिग्रॅमची. सोयाबीन आणि तिळात गॅमा जास्त. शरीराच्या कामी अल्फा, तर बाटलीतलं तेल टिकवण्यात गॅमाचा हात वरचा.

तिळाची खरी श्रीमंती मात्र टोकोफेरॉलमध्ये नाही, लिग्नन नावाच्या द्रव्यांत आहे. सेसामिन आणि सेसामोलिन ही त्यांतली मुख्य. तेलात सेसामिन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, सेसामोलिन त्याहून कमी. गंमत अशी की परीक्षानळीत ही दोन्ही अँटिऑक्सिडंट म्हणून फारशी चमकत नाहीत, कारण हायड्रोजन देणारा हात त्यांच्या रचनेत बांधलेला असतो. तीळ भाजले की सेसामोलिन मोडतं आणि त्यातून सेसामोल सुटतं. त्याचा हात मोकळा असतो. भाजलेल्या तिळाचं तेल कच्च्या तिळाच्या तेलापेक्षा जास्त टिकतं त्यामागे हे मोठं कारण. कच्च्या तिळाच्या तेलात तळण केलं तरी कढईच्या तापात सेसामोलिनमधून थोडं थोडं सेसामोल निघत राहतं, म्हणजे गरज पडेल तसा साठा उघडतो. तेल शुद्ध करताना आम्लयुक्त मातीतून गाळतात, तेव्हा त्याच सेसामोलिनपासून सेसामिनॉल नावाचं आणखी एक चिवट द्रव्य तयार होतं. ही उकल १९८० च्या दशकात जपानमधल्या नागोया विद्यापीठात मित्सुओ नामिकी, तोशिहिको ओसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. संक्रांतीला तीळ तडतडेपर्यंत भाजायचे, भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर ते थापून तव्यावर शेकायचे, भरल्या वांग्यात भाजूनच कूट घालायचं, या आपल्या रीतींत खमंगपणा तर आहेच, शिवाय ही रसायनक्रियाही आहे.

सेसामोलची एक वेगळीच कामगिरी भारतात घडली आणि ती फारशी सांगितली जात नाही. वनस्पती तूप बाजारात आलं तेव्हा साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली. रंग, पोत, चव यांवरून ती ओळखणं अवघड. सरकारने तोड काढली ती अशी की वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं कारखान्यांना सक्तीचं केलं. कारण एकोणिसाव्या शतकात बोदुएँ नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने एक चाचणी बसवली होती. तिच्या पुढे रुळलेल्या रूपात नमुना पातळ करून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफुरल घालून हलवलं की तिळाचं तेल असल्यास गुलाबी-लाल रंग येतो. हा रंग सेसामोलचा. आम्लामुळे सेसामोलिन फुटून ते बाहेर पडतं. अन्नभेसळीच्या प्रयोगशाळांत तुपाच्या नमुन्यावर ही परीक्षा पिढ्यान्पिढ्या होत आली. तिळाने स्वतःच्या राखणीसाठी बनवलेल्या द्रव्याने आपल्या तुपाची राखण केली.

सेसामिन शरीरात काय करतं? पोटातून यकृतात गेल्यावर तिथली विकरं त्याचा बांधलेला हात मोकळा करतात आणि मग ते अँटिऑक्सिडंटसारखं वागू लागतं. दुसरं काम अधिक विशेष आहे. यकृतातलं जे विकर गॅमा टोकोफेरॉल मोडीत काढतं, त्यालाच सेसामिन अडवतं. २००१ मध्ये हवाई इथल्या एका छोट्या अभ्यासात लोकांना काही दिवस तीळ घातलेले मफिन खायला दिले. त्यांच्या रक्तात गॅमा टोकोफेरॉलची पातळी वाढली. तितकंच गॅमा अक्रोड किंवा सोयाबीन तेलातून मिळालेल्यांची वाढली नाही. म्हणजे एका द्रव्याचा लाभ दुसऱ्याच्या सोबतीने ठरतो. रक्तदाबावरही अभ्यास आहेत. जपानमध्ये सौम्य रक्तदाब असलेल्या थोड्या लोकांना रोज ६० मिलिग्रॅम सेसामिन दिलं, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी तीन-साडेतीन अंकांनी उतरला. उतार खरा आहे, पण लहान आहे. तो औषधाची जागा घेणारा नाही आणि चमचाभर तिळाला त्याहून मोठं श्रेय देणं तिळावरच अन्याय करणारं आहे.

जवसाची गोष्ट याहून वेगळी, आणि तिच्याबाबत बाजारात सर्वाधिक घोटाळा आहे. जवसात दोन मोलाच्या गोष्टी आहेत. एक तेलातलं लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-३. दुसरी लिग्नन, ज्यांचं मुख्य द्रव्य सेकोआयसोलॅरिसिरेसिनॉल अशा लांबलचक नावाचं आहे. तिळाचे मुख्य लिग्नन तेलात विरघळतात. जवसाचे मात्र साखरेच्या रेणूंना बांधलेले असतात आणि बीच्या टरफलात बसतात. घाण्यातून तेल निघालं की ते पेंडीबरोबर मागे राहतात. म्हणून जवसाच्या तेलाची कॅप्सूल घेणाऱ्याला ओमेगा-३ मिळेल, लिग्नन नाही. तेही ओमेगा-३ असं की सगळ्यांत आधी खवटणारं, राखणदारांपासून तोडलेलं.

जवसाचे लिग्नन आपल्या कामी येतात ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे. ते त्यांचं रूपांतर एन्टेरोडायॉल आणि एन्टेरोलॅक्टोन या द्रव्यांत करतात आणि ती रक्तात शोषली जातात. १९९१ मध्ये टोरंटो विद्यापीठात लिलियन थॉम्पसन यांच्या गटाने अनेक धान्यं, डाळी, भाज्या, फळं यांची या दृष्टीने तुलना केली. जवस इतरांच्या पुढे ७५ ते ८०० पटींनी होतं. पण हे काम जिवाणूंच्या भरवशावर असल्याने दोन माणसांनी सारखीच चटणी खाल्ली तरी त्यांच्या रक्तातलं एन्टेरोलॅक्टोन सारखं नसतं, आणि प्रतिजैविकांचा कोर्स झाल्यावर ते बराच काळ खाली राहतं.

माणसांवरच्या प्रयोगांत जवसाचा सगळ्यांत ठळक पुरावा कॅनडातल्या मॅनिटोबाचा आहे. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी एका गटाला सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस पदार्थांत घालून दिलं, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण जवस नसलेले पदार्थ. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटाहून सुमारे दहा अंकांनी आणि खालचा सातच्या आसपास कमी होता. आहारातल्या एका जिनसाने इतका फरक पडणं दुर्मीळ आहे. तो लिग्ननमुळे, ओमेगा-३ मुळे की चोथ्यामुळे हे वेगळं काढता येत नाही, कारण खाणाऱ्याने तिन्ही एकत्रच खाल्ले. मला यात उणीव वाटत नाही. जवस असंच खायचं असतं.

कसं खायचं, तेही आपल्या चटणीने ठरवून दिलेलं आहे. अख्खं जवस गिळलं तर गुळगुळीत कवचामुळे बरंचसं तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटायला हवं. कच्च्या जवसात सायनाइड सोडू शकणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात आणि भाजल्याने ती घटतात, म्हणून भाजायला हवं. भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटलेली विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी या दोन्ही अटी पाळते. तिसरी अट साठवणीची. कवच फुटलं की ऑक्सिजनला मोकळं रान मिळतं. महिन्याभराची पूड दळून ठेवण्यापेक्षा आठवड्याची चटणी करावी.

बाकी तेलबियांबद्दल थोडक्यात. शेंगदाण्याची अँटिऑक्सिडंट मुख्यतः त्याच्या लालसर सालीत असतात, तीच साल जी कूट करताना आपण चोळून, पाखडून उडवून देतो. सालीची किंचित तुरट चव या द्रव्यांचीच. सोलापुरी चटणीत साल थोडी राहिली तर बिघडत नाही, उलट बरंच. शेंगदाण्यात रेस्व्हेराट्रॉलही असतं, द्राक्षांमुळे गाजलेलं. शेंगदाण्याचं झाड ते बुरशीच्या हल्ल्याला उत्तर म्हणून तयार करतं. प्रमाण मात्र इतकं थोडं की त्यासाठी म्हणून शेंगदाणे खावेत असं मुळीच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागातल्या डोंगरउतारांवर होणारे कारळे, म्हणजे खुरासणी, यांत अल्फा टोकोफेरॉल चांगलं असतं. पण त्यांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचा भरणा एवढा आहे की राखणदार असूनही ते लवकर खवटतं. म्हणून कारळ्याची चटणी ताजीच गोड. सूर्यफुलाच्या पेंडीत क्लोरोजेनिक आम्ल असतं, कॉफीत असतं तेच. मोहरी भाजली की तिच्या सिनॅपिक आम्लापासून कॅनोलॉल नावाचं जोमदार अँटिऑक्सिडंट तयार होतं. फोडणीत मोहरी तडतडते तेवढ्याशा वेळात ते किती होतं कोण जाणे, पण तेलाच्या घाण्यावर मोहरी भाजून घेण्याने फरक पडतो.

सरकीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. कपाशीच्या बीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. तेही जोरकस अँटिऑक्सिडंट आहे, सरकीचं तेल टिकवायला मदत करतं. चीनमध्ये काही खेड्यांत लोक कच्चं, न शुद्ध केलेलं सरकीचं तेल खाऊ लागले आणि जोडप्यांना मूल होईना. शोध घेतला तेव्हा कारण गॉसिपॉल निघालं. १९७० च्या दशकात तिथे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. पुढे ते बाजूला ठेवावं लागलं, कारण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला उतरत होतं आणि काहींची प्रजननक्षमता परतच आली नाही. आज बाजारातलं सरकीचं तेल शुद्ध करूनच येतं आणि त्यात गॉसिपॉल काढून टाकलेलं असतं. अँटिऑक्सिडंट हा रसायनाचा एक गुण आहे. तो असला म्हणजे द्रव्य आपल्या हिताचं असेलच, असं नाही.

नेमकी हीच गोष्ट गोळ्यांच्या बाबतीत जग महागात शिकलं. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचा संबंध फ्री रॅडिकलशी जोडला आणि पुढे तर्क रुळला की फ्री रॅडिकल वाईट, तर त्यांना मारणारं जितकं जास्त तितकं बरं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर याची परीक्षा झाली. काहींना अल्फा टोकोफेरॉल, काहींना बीटा कॅरोटीन, काहींना दोन्ही, काहींना नुसती साधी गोळी. १९९४ मध्ये निकाल आला. ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही आणि बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला. याच चाचणीत ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला होता, म्हणून अमेरिका-कॅनडात ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर खास तेवढ्यासाठी नवी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व, म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. २०११ मध्ये उलटंच समोर आलं: ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त. हृदयरोग्यांवरच्या २००० सालच्या मोठ्या चाचणीतही तेवढ्याच मात्रेने काही साधलं नव्हतं.

अन्नात असताना निरुपद्रवी असणारं द्रव्य गोळीत गेल्यावर असं का वागतं, याची कारणं जोडता येतात. नुसत्या अल्फाचा मोठा डोस घेतला की रक्तातलं गॅमा खाली जातं. शिवाय फ्री रॅडिकल शरीराला नुसते नकोसे नसतात, पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला तेच वापरतात आणि पेशी आपापसांतले निरोपही त्यांच्यामार्फत देतात. ते सरसकट विझवणं म्हणजे कामातली आगही विझवणं. आणि परीक्षानळीतला आकडा रक्तात तसाच उतरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीचे आकडे देणारी सारणी संकेतस्थळावर ठेवली होती. कंपन्या ते आकडे जाहिरातींत वापरू लागल्या. त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही असं सांगून खात्याने २०१२ मध्ये ती काढून टाकली. अशा आकड्यांसह येणारी जाहिरात आजही दिसली तर ती बाजूला ठेवावी.

गोळ्यांतलं 'नैसर्गिक' ई जीवनसत्त्व येतं कुठून, हेही वाचकांना ठाऊक असावं. तेल शुद्ध करताना शेवटच्या टप्प्यात दोनशे अंशांहून जास्त तापमानाला, निर्वातात, वाफ सोडून त्याचा वास काढतात. वासाबरोबर टोकोफेरॉलचाही काही भाग उडतो आणि थंड होऊन गोळा होतो. सोयाबीन तेलाच्या कारखान्यांतला हा गाळ गोळ्या बनवणाऱ्यांना विकला जातो. मागे राहिलेल्या तेलात पुष्कळदा टीबीएचक्यू हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट घालतात. आपल्याकडे त्याची कायदेशीर मर्यादा ०.०२ टक्के आहे आणि तेवढ्याने घाबरून जाण्याचं कारण नाही. तरीही एका बाजूने काढायचं, दुसऱ्या बाजूने वेगळं घालायचं आणि काढलेलं तिसऱ्यालाच विकायचं, हा व्यवहार तेल विकत घेताना मनात असलेला बरा.

मग लाकडी घाण्याचंच तेल घ्यावं का? तीळ आणि करडईच्या बाबतीत माझा कल तिकडेच आहे, घाणेवाला ओळखीचा आणि बी स्वच्छ असेल तर. शेंगदाण्याबाबत मात्र सावध राहायला हवं. ओल लागलेल्या शेंगांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. शुद्धीकरणात ते जवळजवळ निघून जातं, घाण्याच्या तेलात उतरू शकतं. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा घाण्यात जात असेल तर तेलातली सगळी अँटिऑक्सिडंट मिळूनही त्याची भरपाई होणार नाही. शिवाय घाण्याच्या तेलात ओल आणि धातूंचे अंश थोडे जास्त राहतात, ते खवटण्याला हातभार लावतात. म्हणून असं तेल महिन्या-दीड महिन्याला पुरेल इतकंच आणावं, गडद बाटलीत किंवा स्टीलच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवावं, जुन्यात नवं ओतू नये. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की राखणदार पहिल्या एक-दोन वेळांतच संपतात आणि मग बिघाड झपाट्याने होतो. १ जुलै २०१८ पासून आपल्या अन्नसुरक्षा नियमांत तळणाचं तेल बिघडताना त्यात वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा आली आहे. घरात ती मोजता येत नाही. फेस येऊ लागला, रंग गडद झाला, तेल दाट वाटलं की ते ओतून द्यायचं, एवढं करता येतं.

पैदासकारांनी या प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून हात घातला आहे. राखणदार वाढवण्याऐवजी आग लागणारा पालाच कमी करायचा. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि जुनागढचं भुईमूग संशोधन संचालनालय यांच्या प्रयत्नांतून आलेल्या गिरनार ४ आणि गिरनार ५ या वाणांच्या तेलात ऑलिक आम्ल ८० टक्क्यांच्या घरात असतं, दोन बंधांचं लिनोलेइक अगदी थोडं. असे दाणे आणि त्यांचे पदार्थ बरेच जास्त दिवस टिकतात.

राहिली पेंड. जवसाचे लिग्नन, तिळाचे साखरेला बांधलेले लिग्नन, सूर्यफुलाचं क्लोरोजेनिक आम्ल, हे सगळं तेलाबरोबर घरी येत नाही, गव्हाणीत जातं. पण गाईच्या पोटातही जिवाणू आहेतच. कॅनडात दुभत्या गाईंना जवसाची पेंड चारली तेव्हा त्यांच्या दुधातलं एन्टेरोलॅक्टोन वाढलेलं आढळलं.